काथ्याच्या क्लासात वयनी

गेले दोन-अडीच महिने काहीच लिहिलं नाही, त्याचं कारण आळस नाही, बोटं. उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं निघालेली, डाव्या तळव्याला फोड, आणि नखांत इतका तपकिरी भुसा की आमची धाकटी जेवताना म्हणाली, आई तू माझ्या ताटात हाताने काही वाढू नकोस. मोबाईलचा फिंगरप्रिंट लॉक तीन दिवस उघडत नव्हता म्हणजे विचार करा.

तर मी काथ्याचा क्लास लावला होता.

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, म्हणजे वेंगुर्ल्याच्या बाजूलाच, एक हस्तकला केंद्र आहे, आधी तिथे शिवणकाम आणि ब्युटी पार्लरचे क्लास चालायचे, या पावसाळ्यात काथ्या आणि केळीच्या धाग्याचा दोन महिन्यांचा क्लास निघाला, बायकांसाठी, फी नाही, उलट थोडं विद्यावेतन. (ते अजून जमा व्हायचंय. पासबुक दोनदा भरून आणलं. असो.) मी क्रोशे करते हे इथे येणाऱ्यांना माहीतच आहे, तोरणं, रुमाल, बाळांची टोपडी, त्यामुळे मला वाटलं दोरा तो दोरा, त्यात काय एवढं, मी तर पहिल्या दिवसापासून पुढे असणार. ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे नाव घालताना मी यादीतली वरची नावं बघितली नाहीत. यादीत आमची चुलत जाऊ होती.

आता हे जरा नीट सांगायला पाहिजे. चुलत जाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत भावाची बायको, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी, मी तिला वयनी म्हणते. म्हणायचे. दोन्ही घरं शेजारी शेजारी, मध्ये चिऱ्याचा गडगा, आणि त्या गडग्यातच उगवलेला एक माड. तो कोणी लावला ते कोणालाच माहीत नाही, सासरे म्हणायचे आपल्या आजोबांनी, त्यांच्याकडे म्हणायचे त्यांच्या आजोबांनी, आणि गंमत म्हणजे आजोबा एकच. वर्षानुवर्षं नारळ ज्याच्या बाजूला पडेल तो त्याचा, असं चाललं होतं. मग २०२१च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आलं. आमच्या वाडीतले बरेच माड आडवे झाले, हा नाही झाला, पण आमच्या बाजूला कलला. कायमचा. म्हणजे तेव्हापासून सगळे नारळ आमच्या खळ्यात, अंगणात. पहिला पाडा झाला, म्हणजे नारळ उतरवले, आणि भांडण झालं, मग मोजणीच्या गोष्टी निघाल्या, मग बोलणं बंद. भावकीचा गणपती मूळ घरात एकच, त्यामुळे चतुर्थीला एकाच चुलीपुढे दोघी, पण मीठ हवं असलं की "काकीला सांग मीठ दे" असं पोरांच्या तोंडून. मी वयनीपासून तीन फुटांवर उभी.

पहिल्या दिवशी क्लासमध्ये मी एका कोपऱ्यात बसले, वयनी दुसऱ्या कोपऱ्यात. वीस-बावीस बायका होत्या, आसपासच्याच, म्हणजे सगळ्यांना सगळं माहीत. नव्हतं फक्त मॅडमना.

मॅडम केरळात शिकून आलेल्या. आलप्पुळाजवळ कलवूरला काथ्या मंडळाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे. त्यांनी समोर एक सोडण, म्हणजे नारळाचं वरचं जाड आवरण, ठेवलं आणि विचारलं, याचं तुम्ही घरी काय करता? सगळ्यांचं एकच उत्तर, भाणाखाली, पाणी तापवायच्या भांड्याखाली घालतो. खरंच की. आमच्याकडे न्हाणीच्या बाहेर सोडणांचा ढीग असतो, सकाळी दोन घातली की आंघोळीचं पाणी कढत, धूर मात्र घरभर. लग्न झाल्यापासून मी किती हजार सोडणं जाळली असतील देव जाणे, आणि एकदाही हातात घेऊन नीट बघितलं नव्हतं.

मॅडमनी भिजवलेलं सोडण लाकडी दांडक्याने ठेचायला दिलं. वरची गुळगुळीत साल आधी सोलून काढायची, मग ठेचायचं, मग झाडायचं, परत ठेचायचं. हाताने केलेल्या एका अख्ख्या सोडणाचा काथ्या मी घरी किचनच्या काट्यावर ठेवून बघितला, सत्तर ग्रॅम. तासभराची मेहनत आणि सत्तर ग्रॅम! बाकी सगळा भुसा. सोडणात साधारण तीस टक्के धागा आणि सत्तर टक्के भुसा असतो असं मॅडम म्हणाल्या, आणि हाच भुसा धुऊन, दाबून, विटा करून कोकोपीट म्हणून नर्सरीत विकतात, स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरून ठेवतो. हे ऐकून मी पिशवी भरून भुसा घरी आणला आणि थेट मिरचीच्या कुंड्यांत घातला. आठवड्यात रोपं पिवळी. कच्च्या भुशात क्षार असतात, तो दोन-तीन पाण्यांतून काढून आणि कुजवून मग वापरायचा असतो, हे मॅडमनी सांगितलं होतं म्हणे, मी तेव्हा बहुतेक फोटो काढत होते.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या अशा सुरू झाल्या की मला चहा गरम करायला दोनदा उठावं लागलं. त्यांचं माहेर मोचेमाडच्या खाडीकाठी. त्यांच्या लहानपणी सोडणं खाडीच्या चिखलात पुरून वर दगड ठेवायचे, महिनोन् महिने, आणि मग ती उकरून काढायची वेळ आली की पोरं पळून जायची, कारण वास. कुजक्या अंड्यासारखा. (तो गंधकाचा वायू. चिखलातले जिवाणू सोडणातला धाग्यांना चिकटवून ठेवणारा भाग खाऊन टाकतात, धागे सुटे होतात, आणि वास मागे राहतो. केरळात कायलांमध्ये, म्हणजे तिथल्या खाड्यांच्या साचलेल्या पाण्यात, अजून हे करतात, सहा ते दहा महिने कुजवतात, त्यासाठी जरा हिरवट नारळाची सोडणं लागतात आणि धागा निघतो तो पांढरट, मऊ. आपल्याकडे सुक्या सोडणाचा निघतो तो हा तपकिरी, राठ.) सासूबाई म्हणाल्या, विहिरीचा दोर सुंभाचा, म्हणजे काथ्याच्या दोरीचा, बाज विणायची सुंभाची, पावसाआधी शाकारणी करताना झाप बांधायचे ते सुंभाने, होडीला सुंभ. मग नायलॉन आला आणि दोन-चार वर्षांत सगळं बंद. मी बाजारात सहज दुकानदाराला विचारलं, सुंभ आहे का? होता, एक भेंडोळं. कुठून येतो? केरळातून. आमच्या दुकानापुढच्या गटारात सोडणं तरंगतायत आणि सुंभ केरळातून.

आता खरा भाग.

क्रोशेत दोरा आयता मिळतो, आपण फक्त गाठी घालायच्या. इथे दोराच नाही. समोर वीतभर लांबीच्या केसांचा ढीग आहे आणि त्यातून पंधरा मीटरची दोरी काढायची आहे, डिंक नाही, शिलाई नाही, फक्त पीळ. एक धागा संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा, तो संपायच्या आत तिसरा, आणि पीळ त्यांना धरून ठेवतो. आधी हाताने शिकवलं, दोन्ही तळव्यांत काथ्या घेऊन चोळायचं. माझे तळवे पहिल्या दिवशीच सोलवटले, कारण मी क्रोशेवाली, मी नाजूक बोटांनी करायला गेले. वयनी समोरच्या कोपऱ्यात असा काही सुंभ वळत होती की जन्मभर तेच केलंय. नंतर कळलं, तिच्या माहेरी खरंच करायचे.

आणि मग चौथ्या दिवशी रहाट आला. लाकडी चाक, त्याला हँडल, पुढे फिरणारे दोन आकडे. एकीने चाक फिरवायचं, दुसरीने ओटीत काथ्या घेऊन त्याचं टोक आकड्यात अडकवायचं आणि बोटांतून काथ्या सोडत सोडत मागे मागे चालत जायचं. म्हणजे एकटीने होतच नाही ते काम. मॅडमनी जोड्या लावल्या आणि निकष लावला अगदी शहाणपणाचा, जवळ जवळ राहणाऱ्या दोघी, म्हणजे घरी पण सराव होईल. "तुम्ही दोघी एकाच वाडीतल्या ना? शेजारीच? मग झालं, तुमची जोडी." वर्गात कोणी हसलं नाही पण सगळ्यांचे खांदे हलत होते. मागून एकीने हळूच म्हटलं, "आता गो बाये!"

चाकावर वयनी, चालणारी मी. मी कमरेला पदर खोचून, ओटीत काथ्या, मागे मागे चाललेय, सगळं लक्ष बोटांत, कारण जास्त सोडला तर गाठोळं येतं आणि कमी सोडला तर तुटतं. मागे बघायला डोळे नाहीत. मागे भिजवलेल्या सोडणांची बादली होती. वयनीला ती समोर दिसत होती. वयनी माझ्याशी बोलत नव्हती. पुढचं काय ते समजून घ्या. पडले तर पडले, कुजकट तपकिरी पाण्यात बसले, साडी नवीन नव्हती म्हणून वाचली. वयनी मॅडमना म्हणाली, मी सांगितलं होतं, तिनेच ऐकलं नाही. मॅडमना म्हणाली हां, मला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र बोलणं भाग पडलं. बोलणं म्हणजे काय, "सोड", "थांब", "आवर", "तुटला", "सावकाश". चाक जोरात फिरवलं की पेडाला एवढा पीळ चढतो की तो स्वतःभोवतीच गुरफटून आकडे करतो, त्यामुळे चालणारीने सांगायलाच लागतं. आणि पीळ चढेल तसा पेड आखडतो, तुम्हाला पुढे खेचतो, हे मला माहीतच नव्हतं, हातात दोरीचं टोक घेऊन उभं राहिलं की ती जिवंत असल्यासारखी ओढते. हळूहळू मला चाकाच्या आवाजावरून कळायला लागलं की वयनी दमलीय, आणि तिला माझ्या चालण्यावरून कळायचं की ओटीतला काथ्या संपत आलाय. एकदा तिने न सांगताच चाक थांबवलं आणि मी खाली बघितलं तर ओटी रिकामी. मी काही बोलले नाही, तीही नाही.

दोन पेड झाले की ते एकत्र वळायचे, आणि इथेच माझी सगळी हुशारी संपली. मी दोन्ही पेड धरून त्याच दिशेने पिळायला गेले, जे झालं त्याला दोरी म्हणता येणार नाही, सोडली की सगळं उलगडून जमिनीवर. एक पेड उजवीकडे पिळला असेल तर दोन पेड एकत्र करताना डावीकडे पिळायचं. प्रत्येक पेडाला आपला पीळ सोडायचा असतो, तो उलटा फिरायला बघतो, आणि त्या फिरण्यातच तो दुसऱ्यावर आणखी घट्ट बसतो. मध्ये खाचा असलेला एक लाकडी ठोकळा धरतात म्हणजे पेड वेळेआधी एकमेकांत जात नाहीत, तो ठोकळा पुढे पुढे सरकतो आणि त्याच्या मागे तयार सुंभ बाहेर येतो. पहिला नीट सुंभ आला तेव्हा मी त्याला लोंबकळून बघितलं. तुटला नाही. (माझं वजन सांगणार नाही.)

रात्री बोटांना खोबरेल लावून वाचत बसायचे तेव्हा कळलं की आपल्या समुद्रात जुनी जहाजं खिळ्यांनी नाही, याच दोरीने शिवायचे. फळीला फळी शिवलेली! चौदाव्या शतकात इब्न बतूताने मालदीवचा काथ्या आणि त्याने शिवलेली जहाजं याबद्दल लिहून ठेवलंय. खाऱ्या पाण्यात हा धागा टिकतो कारण त्यात लिग्निन भरपूर, लाकडात असतं तेच. आणि आम्ही पाणी तापवतोय त्याच्यावर.

एका दिवशी मॅडमनी जाळून बघायचं शिकवलं, धागा खरा की प्लास्टिकचा ओळखायला. नायलॉनच्या दोरीला काडी लावली, ती वितळून आकसली, टोकाला काळा मणी झाला. मग सुंभाचा तुकडा पत्र्यावर ठेवून पेटवला. तो सावकाश, लालबुंद होत जळत गेला, आणि विझल्यावर पत्र्यावर राखेची दोरी पडलेली, जशीच्या तशी, एकेक पीळ मोजून घ्या. मी आयुष्यभर ती म्हण वापरलीय, सासरच्या माणसांबद्दलच जास्त, पण खरोखर जळलेला सुंभ कधी बघितला नव्हता. मॅडम म्हणाल्या, आता कुठली म्हण ते सांगा. वीस बायका एका सुरात, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! आणि म्हणताना सगळ्यांच्या माना आमच्या दोघींकडे. वयनी म्हणाली, "माझ्याकडे कित्याक बघतास?" आणि मग तीच पहिली हसली. मीपण हसले. फुंकर बसली आणि राख उडाली, तेवढ्यात दुपारच्या गाडीची वेळ झाली म्हणून सगळ्या पळाल्या.

केळीच्या धाग्याबद्दल थोडक्यात, कारण मला तो फारसा भावला नाही. घड काढला की केळ तोडूनच टाकायची असते, एका केळीला एकदाच घड, त्यामुळे माल फुकट. सोपटं मशीनमध्ये घालून खरवडली की रेशमासारखा चकचकीत धागा येतो, पर्स, दागिने, बरंच काय काय होतं, पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुली त्यातच रमल्या. मला मात्र तो राठ, टोचणारा काथ्याच बरा वाटला. रंगकामाचे दोन दिवस होते ते पावसात गेले, रंगवलेला काथ्या वाळेचना, शेवटी पंख्याखाली पसरला आणि फरशी गुलाबी झाली.

मध्ये चतुर्थी आली आणि अर्थातच क्लास बंद, आमच्याकडे चतुर्थीला सगळंच बंद असतं. यंदा माटवीला, गणपतीच्या वर टांगतात त्या लाकडी चौकटीला, मी आमचा सुंभ नेला. एरवी केवणीची साल नाहीतर सुतळी, यंदा घरचा सुंभ. कवंडळं, हरणं, आंब्याचे टाळे, सुपारीचं शिपटं, सगळं बांधलं, खाली उतरले. थोड्या वेळाने बघते तर वयनी स्टुलावर चढून माझीच एक गाठ सोडून परत बांधतेय. कोणाला काही बोलली नाही, खाली उतरली, हात पुसले. त्या दुपारी चुलीपुढे, पोरं बाहेर खेळत होती म्हणून असेल, पण थेट मला म्हणाली, "मीठ दी गो." चार वर्षांनी. मी मीठ दिलं. एवढंच, उगाच सिनेमा नको.

शेवटचे दोन आठवडे पायपुसणं. लाकडी चौकट, चारी बाजूंनी खिळे, त्यावर सुंभ आडवा-उभा ताणून जिथे छेद जातो तिथे गाठी मारत जायच्या. हे मला जमलं, शेवटी कुठेतरी क्रोशेवालीची लाज राहिली. पण आम्ही सगळा सुंभ आमचाच वापरला, पहिल्या आठवड्याचा ढिला, माझ्या हातचा, तो एका बाजूला आला आणि शेवटचा घट्ट, तो दुसऱ्या बाजूला, त्यामुळे चौकटीतून काढल्यावर पायपुसणं एका बाजूने फुगलं आणि दुसऱ्या बाजूने आखडलं. आता ते दारात आहे, एक कोपरा वर, रोज कोणीतरी अडखळतं. नवरा म्हणाला बाजारात यापेक्षा चांगलं मिळतं. मिळतं. मग आण.

क्लास संपला. पण हाताला सवय लागली, संध्याकाळ झाली की चैन पडेना. आमच्या सुताराला विचारलं, तो म्हणाला रहाट करून देतो, फोटो आणि मापं द्या. प्रश्न असा की रहाटाला दुसरं माणूस लागतं. आणि दुसरं म्हणजे मागे चालायला सरळ जागा लागते, पंधरा मीटर तरी. आमचं खळं एवढं नाही, त्यांचंही नाही. गेल्या रविवारी मी टेप घेऊन मोजत होते, तेवढ्यात गडग्यापलीकडून वयनीचा आवाज, काय मोजतंस? (मोजणी हा शब्द आमच्या दोन घरांत जरा जपून वापरायचा असतो.) मी सांगितलं. ती आपल्या बाजूने चालत आली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाली दोन्ही खळी मिळून सरळ रेषेत वीसेक मीटर होतील, मध्ये फक्त गडगा. माणूस जाण्यापुरते चिरे काढले की झालं. मी म्हटलं चालेल, तुमच्या बाजूचे काढा. ती म्हणाली तुमच्या बाजूचे काढा, आमच्या बाजूला माडाची मुळं आहेत, धक्का बसेल.

मी पटकन बोलून गेले, "असू दे की मुळं. माड तुमचा, चिरे पण तुमचेच."

वयनी एकदम थांबली. टेपचं दुसरं टोक तिच्या हातात होतं.

"माड आमचो म्हणतंस मगे?"

सुतार गुरुवारी माप घ्यायला येतोय. नवऱ्याला अजून काही सांगितलेलं नाही.